आरएच्या रुग्णांची झोप मोजायची मराठी प्रश्नावली: सोलापुरात तपासतोय, मतं हवीत

निजखूण

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्या छोट्या गटाने एक काम हाती घेतलंय आणि आता चार जाणत्या माणसांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये असं वाटतं. डॉक्टर, आकडेशास्त्र कळणारे, सगळ्यांनी लिहाच. पण ज्यांना स्वतःला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (आरए, म्हणजे सांधे सुजवणारा आमवात) आहे किंवा ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांनी जरूर लिहा.

आरएचा रुग्ण ओपीडीत आला की सुजलेले आणि दुखरे सांधे मोजतात, ईएसआर किंवा सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या बघतात, मेथोट्रेक्सेट या आरएच्या औषधाचा डोस ठरतो. झोपेचा विषय निघालाच तर केसपेपर मिटवताना निघतो. रुग्णाला मात्र रात्रच सगळ्यात जड जाते. २००२ साली ओमेरॅक्ट या आंतरराष्ट्रीय गटाने आरएच्या रुग्णांना संशोधकांच्या बरोबरीने चर्चेला बसवलं, तेव्हा त्यांनी थकवा आणि झोप या गोष्टी पुढे आणल्या. डॉक्टरांच्या नेहमीच्या मोजमापांत त्या नव्हत्या.

मोजायचं तर साधन हवं. आम्ही पिट्सबर्ग स्लीप क्वालिटी इंडेक्स, म्हणजे पीएसक्यूआय, निवडला. १९८९ साली पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी तो केला. गेल्या महिनाभराच्या झोपेबद्दल १९ प्रश्न, त्यातून सात घटक, प्रत्येक घटकाला ० ते ३ गुण, एकूण २१ पैकी. गुण जास्त म्हणजे झोप वाईट, पाचाच्या वर गेले की खराब झोप धरतात. रीतसर परवानगी घेऊन भाषांतर केलंय: दोघांनी स्वतंत्रपणे मराठी केलं, त्यातला एक वैद्यकाशी संबंध नसलेला. दोन्ही जुळवून एक मसुदा झाला. मूळ फॉर्म न पाहिलेल्या दोघांनी तो परत इंग्रजीत नेला, मग समितीने ओळ न् ओळ तपासली. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे.

आता मसुदा रुग्णांना वाचून दाखवतोय आणि प्रत्येक प्रश्नानंतर विचारतोय, "तुम्हाला काय समजलं? हे उत्तर कसं ठरवलंत?" मराठी सगळ्यांना कळतंय. गडबड वेगळीच आहे.

एक उदाहरण देते. कुंभारीकडच्या एक मावशी, विड्या वळतात. रात्री साडेदहाला आडव्या होतात. पहाटे पाचला जाग येते, पण बोटं आणि गुडघे इतके आखडलेले असतात की सतरंजीवरून उठायला साडेसहा वाजतात. झोप झाली सहा तास. फॉर्ममध्ये "सकाळी किती वाजता उठता" असं आहे. त्यांनी साडेसहा सांगितलं तर अंथरुणातले तास आठ होतात, सहा भागिले आठ म्हणजे ७५ टक्के, आणि झोपेच्या कार्यक्षमतेच्या घटकात १ गुण चढतो. त्यांनीच पाच सांगितलं तर साडेसहा तासांतले सहा, म्हणजे ९२ टक्के, गुण शून्य. रात्र तीच, झोप तीच. तो एक गुण झोपेचा की सकाळच्या आखडण्याचा?

दुसरी गोष्ट दुखण्याची. झोपमोड कशाने होते याच्या यादीत दुखणं हे एक कारण आहे. आरएमध्ये ते जवळजवळ प्रत्येकाला लागू. मग या प्रश्नाने आपण झोप मोजतो की आजार दुसऱ्यांदा मोजतो?

तिसरी, दिवसा जागं राहण्याचा प्रश्न. त्यात गाडी चालवणं, जेवण आणि चारचौघांत मिसळणं ही उदाहरणं आहेत. बऱ्याच बायका पहिल्या उदाहरणालाच "आम्ही कुठं गाडी चालवतो" म्हणून "कधीच नाही" सांगतात. पुढे विचारलं की कळतं, मांडीवर विडीचं सूप घेऊन त्या रोज दुपारी पेंगतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही प्रश्नावली सोलापूरच्या आरए रुग्णांत "प्रमाणित" म्हणण्याआधी तिच्या गुणांत नक्की काय काय मिसळलंय ते आपल्याला दाखवता आलं पाहिजे. कसं दाखवायचं यावर बोलूया.

आकडेमोड

चांगला धागा. आधी सावधगिरीचं बोलतो. प्रश्नाचे शब्द किंवा उदाहरणं परस्पर बदलू नका. पीएसक्यूआयचे हक्क विद्यापीठाकडे आहेत, आणि बदललेला फॉर्म वापरला तर इतर देशांतल्या आकड्यांशी तुलना संपते. गाडीच्या प्रश्नाला मुलाखत घेणाऱ्यासाठी खुलासा ठरवून ठेवा, "किंवा तुम्ही रोज जे बसून काम करता ते करताना". तोच खुलासा प्रत्येकाला, त्याच शब्दांत. आणि हक्कधारकांना कळवून.

दुसरं, क्रॉनबाखचा अल्फा ०.७० च्या वर आला की लोक हात झटकून मोकळे होतात. अल्फा फक्त एवढंच सांगतो की घटक एकमेकांशी सुसंगत आहेत. मूळ अभ्यासात तो सात घटकांवर ०.८३ होता. तुमचाही तसा येऊ शकतो आणि तरी तुम्ही झोपेऐवजी सांधेदुखी मोजत असाल, कारण सांधेदुखीसुद्धा सगळ्या उत्तरांना एकाच दिशेने ओढते. आरएमध्ये अल्फा चांगला आला तर मला उलट शंका यायला लागते.

झोपेच्या गोळीचा घटक मात्र बहुधा सुटा पडेल. आपल्याकडे रोज झोपेची गोळी घेणारे थोडे, बहुतेकांचं उत्तर "नाही", मग त्या घटकाचा बाकीच्यांशी मेळ बसत नाही. त्यावरून भाषांतर चुकलं असं समजू नका.

भवानीपेठ

निजखूण ताई, मला बारा-तेरा वर्षांपासून आमवात आहे. तुमच्या धाग्यातल्या मावशींची पहाट वाचून मला माझीच वाटली. पण पाचला जाग आल्यावर साडेसहापर्यंत मी काय करते ते कोणी विचारत नाही. बोटं एकेक करून उघडते, मग मनगट, मग पाय पोटाशी घेऊन सोडते. पाणी तापलं की हात त्यात धरून बसते. त्यात मधे पुन्हा दहा मिनिटं डोळा लागतो. ही झोप धरायची का?

आणि पाण्याचं लिहिते. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, आमच्या भागात कधी रात्री एकला, कधी पहाटे तीनला. त्या रात्री घरातल्या बायका जाग्याच. भरलेली घागर मला उचलत नाही तरी नळापाशी बसावं लागतं. तुम्ही महिन्यातून किती वेळा झोपमोड झाली विचारलंत तर मी पाण्याच्या रात्री धरू का सोडू? तुमच्या मुलाखत घेणाऱ्या एका मुलीने मला विचारलं असतं तर मी धरल्या असत्या. माझ्या जावेने सोडल्या असत्या.

आकडेमोड दादा, तुम्ही म्हणता सांधेदुखी सगळी उत्तरं ओढते. ओढणारच. माझं दुखणं आणि माझी झोप मला वेगळी करून दाखवता येत नाहीत. दुखण्याचा प्रश्न काढून टाकलात तर माझ्या रात्रीबद्दल त्या कागदावर काहीच उरणार नाही.

आकडेमोड

ताई, प्रश्न काढायचा नाही. तो ठेवायचाच. विश्लेषण करताना गुण दोनदा मोजायचे, एकदा पूर्ण आणि एकदा दुखण्याचा प्रश्न बाजूला ठेवून. दोन्ही वेळी रुग्णांचा क्रम साधारण तोच राहिला तर भीती कमी. खूप बदलला तर ते वाचकाला सांगायचं. तुमच्या उत्तरातली माहिती कुठे जाऊ द्यायची नाही, फक्त ती कोणत्या खात्यात बसते ते उघड लिहायचं.

अस्थिसंधी

मी सांधेविकारांचा डॉक्टर आहे, सोलापुरात नाही पण आरएचे रुग्ण रोज बघतो. भवानीपेठ यांनी लिहिलेलं जसंच्या तसं शिकवण्यात वापरावं असं आहे.

पहाटेच्या आखडण्यामागे शरीराचं घड्याळ आहे. आयएल-६ सारखे दाह वाढवणारे घटक रात्री उत्तरार्धात चढतात आणि पहाटे टोकाला पोचतात. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोलही पहाटेच वाढतं, पण आरएमध्ये ते या दाहाला पुरं पडत नाही. म्हणून तीन ते सहा ही वेळ सगळ्यात वाईट. तेव्हा "मध्यरात्री किंवा पहाटे जाग येते का" याचं उत्तर आरएमध्ये आजाराच्या जोरावर वर-खाली होणार. ते चुकीचं नाही, फक्त तुमच्याकडे त्याच दिवशीचा डीएएस-२८, म्हणजे आजाराचा जोर सांगणारा आकडा, हवा. २८ सांधे तपासायचे, ईएसआर आणि रुग्णाचा स्वतःचा अंदाज घालायचा. ५.१ च्या वर आजार जोरात, २.६ च्या खाली शांत. आजार शांत असलेल्या गटातही ज्यांची झोप खराब येते तिथे खरा शोध सुरू होतो.

तिथे बघायच्या गोष्टी: नैराश्य, रक्त कमी असणं, आणि पायांची रात्रीची अस्वस्थता, म्हणजे रेस्टलेस लेग्ज, जी आरएमध्ये जास्त दिसते आणि लोह कमी असलं की बळावते. घोरणं आणि श्वास अडकणं. स्टिरॉइडची गोळी संध्याकाळी घेतली जातेय का, हे तर पहिल्यांदा विचारा. सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची गोळी कितीतरी जण आठवेल तेव्हा घेतात आणि मग रात्री टक्क जागे.

पीएसक्यूआय यातलं काहीच ओळखत नाही. तो फक्त झोप बिघडली आहे एवढं सांगतो. घोरण्याचा प्रश्न त्यात आहे, पण एकटं झोपणाऱ्याला आपण घोरतो हे कळणार कसं?

निजखूण

स्टिरॉइडच्या वेळेचा मुद्दा फार मोलाचा, नोंदीच्या कागदावर घालते.

घोरण्यावरून आठवलं. जोडीदाराने भरायचे जे पाच प्रश्न आहेत ते गुणांत धरत नाहीत. ते विचारताना इथे कठीण जातंय. एका खोलीत सासू, मुलं, जाऊ झोपलेली. नवरा दुसऱ्या खोलीत नाहीतर कारखान्यात. रुग्णालयात बरोबर आलेला माणूस बहुतेक वेळा मुलगा किंवा दीर असतो, आणि त्याच्यासमोर रात्रीबद्दल बोलायचं म्हटलं की बाई गप्प होते. आम्ही ते पाच प्रश्न या अभ्यासातून वगळलेत, आणि मुलाखत एकटीची घ्यायची असं ठरवलंय. बरोबरच्या माणसाला तेवढा वेळ औषधं आणायला पाठवतो.

साखरपेठ

माझी आई आरएची रुग्ण. आम्ही पद्मशाली, घरी तेलुगू. आईला मराठी येतं, बाजारात, दवाखान्यात, शेजारी सगळीकडे मराठीच बोलते. पण दुखण्याबद्दल बोलताना ती तेलुगूत जाते. मागे एका तपासणीत फॉर्म मराठीत होता, वाचून दाखवणारी मुलगी आमच्याच समाजाची निघाली. तिने प्रत्येक प्रश्न जागेवर तेलुगू करून विचारला. आईला बरं वाटलं, तिने मोकळेपणाने सांगितलं. पण मग तो तुमचा तपासलेला मराठी फॉर्म राहिला का?

सोलापुरात हा प्रश्न मोठा आहे. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कानडी, शिवाय दखनी बोलणारे. मराठी प्रश्नावली मराठीतच विचारायची म्हटलं तर विडी आणि यंत्रमागातले निम्मे रुग्ण तुमच्या हातातून जातील असं मला वाटतं. तेच लोक वगळले तर सोलापूरचा अभ्यास म्हणायचा कशाला?

आकडेमोड

जागेवर केलेलं भाषांतर म्हणजे दर मुलाखतीला नवा फॉर्म. ते चालणार नाही, मुलगी कितीही चांगली असली तरी.

वाट अशी: ज्यांना मराठीत आरामात बोलता येतं, मग घरची भाषा कोणतीही असो, त्यांना घ्या. घरची भाषा नोंदवा. मग तपासा की झोप सारखीच खराब असलेल्या मराठी घरच्या आणि तेलुगू घरच्या रुग्णांची एखाद्या ठराविक प्रश्नाला उत्तरं वेगळी येतात का. तसं दिसलं तर तो प्रश्न भाषेमुळे ढळतोय. ज्यांना मराठीत नीट सांगता येत नाही त्यांच्यासाठी तेलुगू आवृत्ती वेगळी, तिची तपासणी वेगळी. घाईने दोन्ही एकत्र केलं तर दोन्ही बिघडेल.

नीराकाठ

मी भिगवणकडचा, सोलापूर रस्त्यावरच. आमच्या गावात १९९६ साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी कॉपकॉर्ड म्हणून सांधेदुखीची मोठी पाहणी सुरू केली होती, जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमातली. स्वयंसेवक घरोघर जाऊन मराठीतून विचारत. त्या कामाचं नाव पुढे देशाबाहेर गेलं. सांगायचं कारण, विचारणारी माणसं त्याच भागातली असली की म्हातारी माणसं वेळ घड्याळाने सांगत नाहीत हे त्यांना शिकवावं लागत नाही. माझी आजी "कोंबडा आरवायच्या आधी" म्हणायची. त्याचे किती वाजले ते ठरवणारा माणूस गावचा हवा.

निजखूण

अगदी. आमच्याकडे वेळेच्या खुणा वेगळ्या आहेत. पहाटेची अजान, यंत्रमागाची पाळी सुटण्याचा भोंगा, दुधाची गाडी, रात्रीची शेवटची मालिका. मुलाखत घेणाऱ्यांसाठी त्यांचं कोष्टक करतोय, म्हणजे एकच खूण एकीने साडेचार आणि दुसरीने सव्वापाच धरायला नको. कार्यक्षमतेच्या घटकात पाऊण तास म्हणजे एक गुण इकडचा तिकडे होऊ शकतो.

रापियर

यंत्रमागाचा विषय निघाला म्हणून. माझ्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, आरए आहे, एमआयडीसीत कारखान्यात आहेत. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. "नेहमी किती वाजता झोपता" याला त्यांच्याकडे उत्तरच नाही. बोटं सुजलेली असताना तुटलेला धागा गाठायचा म्हणजे काय ते बघवत नाही. अशा लोकांना तुम्ही घेणार का?

अस्थिसंधी

झोपेच्या बऱ्याच अभ्यासांत रातपाळीवाले वगळतात, कारण हा फॉर्मच रात्रीच्या झोपेवर बेतलेला आहे. शास्त्र म्हणून ते योग्य आहे. माणूस म्हणून मला पटत नाही.

निजखूण

रापियर ताई, मुख्य तपासणीत नाही घेता येणार. फॉर्म त्यांच्या झोपेसाठी केलेलाच नाही, आणि चुकीचा आकडा देण्यापेक्षा तो न दिलेला बरा. पण किती जणांना पाळीमुळे वगळलं ते अहवालात ठळक लिहिणार. सोलापुरात तो आकडा लहान नसेल, आणि वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की हा फॉर्म कुणाबद्दल बोलत नाही.

आकडेमोड

आता पुनर्चाचणीचं बोलूया, कारण तिथे सोलापूर तुम्हाला सगळ्यात जास्त छळणार. तोच फॉर्म त्याच रुग्णाला काही दिवसांनी परत भरायला लावायचा. झोप बदललेली नसेल तर गुण जवळपास तेच यायला हवेत. आयसीसी, म्हणजे दोन वेळच्या गुणांचा मेळ दाखवणारा आकडा, ०.७० च्या वर, आणि निदान ५० रुग्ण. अंतर साधारण दोन आठवडे धरतात, म्हणजे आधीचं उत्तर आठवत नाही आणि परिस्थितीही फार बदलत नाही.

आरएमध्ये दोन आठवड्यांत काय होतं? एखाद्याचा आजार उसळतो. एखाद्याला डॉक्टर गुडघ्यात इंजेक्शन देतात आणि तो दहा वर्षांत झोपला नाही असा झोपतो. अशा रुग्णाचे गुण बदलले तर दोष फॉर्मचा नाही. म्हणून दुसऱ्या वेळी आधी विचारा, "मागच्या भेटीपेक्षा सांधे तसेच आहेत का?", आणि डीएएस-२८ परत करा. तसेच असलेल्यांचाच हिशोब धरा. बदललेल्यांना फेकू नका, त्यांच्यावरून हा फॉर्म सुधारणा टिपतो का ते कळेल.

अस्थिसंधी

त्यात भर. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं. गोळीच्या दुसऱ्या दिवशी काहींना मळमळ, अंग गळून गेल्यासारखं. उत्साहाच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी वेगळं येतं, महिन्याचं विचारलं तरी. दोन्ही मुलाखती गोळीपासून सारख्याच अंतरावर ठेवा. रविवारी गोळी घेणाऱ्याला एकदा सोमवारी आणि एकदा शनिवारी गाठू नका.

भवानीपेठ

आणि सणवार बघा हो. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, गड्डा भरतो, पाहुणे, रात्री जागरण. त्या महिन्यात कोणाची झोप नेहमीसारखी नसते. रमजानमध्ये आमच्या शेजारी सहेरीला उठतात, पूर्ण महिना. आषाढीला पंढरपूरला जाणारे जातात. आणि एप्रिल-मेमध्ये तर बोलायलाच नको, पारा ४२-४३ वर. गच्चीवर झोपायला जिने चढवत नाहीत, खाली पंखा गरम हवा फेकतो.

आकडेमोड

हे सोनं आहे. झोपमोडीच्या कारणांत उकडणं आणि थंडी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मे महिन्यात पहिली मुलाखत आणि पावसाच्या पहिल्या सरीनंतर दुसरी झाली तर पुनर्चाचणी गेलीच. जोडी एकाच ऋतूत बसली पाहिजे, आणि दोन्हींचा मागचा महिना सणाच्या किंवा रोजाच्या बाबतीत सारखा हवा.

निजखूण

मंडळी, कालपासून आमचा गट हाच धागा वाचत बसलाय. आता तुलनेसाठी कोणती साधनं घ्यावीत ते बघूया. आम्ही निद्रानाशाचा आयएसआय घेतोय, सात प्रश्न, २८ गुण. दिवसाच्या झोपाळूपणासाठी एपवर्थ, आठ प्रश्न. रोजची कामं करण्याच्या क्षमतेसाठी स्टॅनफर्डचा १९८० चा एचएक्यू, आणि नैराश्यासाठी पीएचक्यू-९. काहींना मनगटावर ॲक्टिग्राफ बांधावा असं एकाने सुचवलंय.

अस्थिसंधी

ॲक्टिग्राफबद्दल जपून. ते यंत्र हालचालीवरून झोप ठरवतं. जो जागा आहे पण निश्चल पडलाय त्याला ते झोपलेला धरतं, आणि आखडलेला रुग्ण पहाटे नेमका तसाच पडलेला असतो. हलला की दुखतं म्हणून हलत नाही. कुंभारीच्या मावशींचा पाच ते साडेसहा हा वेळ त्यात गाढ झोप म्हणून उमटू शकतो. शिवाय सुजलेल्या मनगटावर रात्रभर पट्टा बांधायला सांगणं बरं वाटत नाही. प्रश्नावली आणि यंत्र जुळले नाहीत तर प्रश्नावली खोटी असा निष्कर्ष काढायची घाई करू नका.

आकडेमोड

एपवर्थशी नातं फार घट्ट येईल अशी अपेक्षा ठेवू नका. पेंग येणं आणि रात्रीची झोप खराब असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आयएसआयशी मात्र घट्ट यायला हवं. आणि हे सगळं माहिती गोळा करण्याआधी कागदावर लिहून, तारीख घालून ठेवा: कोणाशी नातं घट्ट, कोणाशी मध्यम, कोणाशी सैल. किमान तीन चतुर्थांश अंदाज खरे ठरले पाहिजेत असा एक संकेत आहे. माझा आवडता अंदाज देतो. पीएसक्यूआयचं नातं आयएसआयशी जितकं घट्ट, त्यापेक्षा डीएएस-२८ शी सैल असायला हवं. उलट आलं तर तुम्ही महागड्या पद्धतीने सांधेच मोजलेत.

आणि पाचाची रेघ. ती अमेरिकेतले निरोगी, नैराश्याचे आणि झोपेच्या दवाखान्यातले रुग्ण यांच्या तुलनेतून आली, त्यात आरए वेगळा गट नव्हता. इथे बहुतेक जण पाचाच्या वर गेले तर ती रेघ कुणालाच वेगळं करणार नाही. झोपेच्या जाणकाराने मुलाखत घेऊन ठरवलेलं निदान हाताशी नसेल तर नवी रेघ ओढू नका. गुण जसे आहेत तसे द्या.

भवानीपेठ

एक विचारायचं होतं. हे सगळं मोजून झाल्यावर ज्या बाईचे गुण अठरा आले तिचं काय करणार? तिला सांगणार का घरी पाठवणार?

निजखूण

ताई, सांगणार. संमतीपत्रात तसं लिहिलंय: गुण जास्त आले तर त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना चिठ्ठी जाईल, आणि पीएचक्यू-९ मध्ये जीव नकोसा झाल्याच्या प्रश्नाला होकार आला तर मुलाखत तिथेच थांबवून रुग्णाला डॉक्टरांपर्यंत आम्ही स्वतः नेऊ.

आतापर्यंतच्या बोलण्यावरून जे ठरलं ते लिहिते. फॉर्मचे शब्द बदलणार नाही. गुणांबाहेर, वेगळ्या कागदावर काही गोष्टी विचारणार: जाग कधी आली आणि अंथरूण कधी सोडलं या दोन वेगळ्या वेळा, मधे पुन्हा डोळा लागला का, महिन्यात पाण्यासाठी किती रात्री उठावं लागलं, स्टिरॉइडची वेळ, मेथोट्रेक्सेटचा वार, घरची भाषा. पाण्याच्या रात्री झोपमोडीत धरायच्या, कारण झोप मोडलीच, पण त्या किती ते शेजारी लिहिलेलं असेल. कार्यक्षमता दोन्ही वेळांनी काढून फरक छापणार. गुण दुखण्याच्या प्रश्नासकट आणि त्याशिवाय, दोन्ही देणार. ॲक्टिग्राफ नाही. पुनर्चाचणीच्या जोड्या पावसाळा सरल्यावर, आणि नंतरच्या जोड्यांत गड्ड्याचा काळ टाळून.

साखरपेठ

आणि तेलुगू?

निजखूण

तेलुगूसाठी वेगळी परवानगी मागायची आहे. तिथेही आधीची आवृत्ती आहे का ते हक्कधारकांकडे विचारून मगच पुढे. असली तरी ती पूर्व भागात जशी बोलतात त्या तेलुगूत कळते का, हे तुमच्या आईंसारख्या चौघींना वाचून दाखवल्याशिवाय ठरणार नाही. त्यांना विचाराल का? घरी येऊन विचारू, रुग्णालयात बोलवणार नाही, आणि सकाळी अकराच्या आधी तर नाहीच.

साखरपेठ

विचारतो. अकरानंतर या, तोवर तिची बोटं मोकळी झालेली असतात.